परांचीवरचा माणूस कुणाच्या जबाबदारीवर?

वाचकाचं पत्र

आमची सोसायटी ठाण्यात आहे. ३१ वर्षं जुनी, पाच मजली, २८ घरांची. स्ट्रक्चरल ऑडिटनंतर बाहेरचा गिलावा, छज्जे, वॉटरप्रूफिंग आणि रंग असं काम फेब्रुवारीत काढलं. मी सेक्रेटरी आहे. चार कोटेशनांपैकी सर्वांत कमी रकमेचं कोटेशन सभेने मंजूर केलं. गिलाव्याचं काम ठेकेदाराने एका पेटी ठेकेदाराला, म्हणजे हाताखालच्या छोट्या ठेकेदाराला, दिलंय, हे मला नंतर कळलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक कारागीर परांचीवरून घसरला. खाली पार्किंगच्या पत्र्यावर पडला म्हणून वाचला, पण मनगट मोडलं. ठेकेदाराने पंधरा हजार रुपये हातावर ठेवले, ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं आणि त्याला गावी पाठवलं. अध्यक्ष म्हणतात, ‘कामगारांची सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ असं करारात स्पष्ट आहे, आपण त्यात पडायचं नाही. आता पावसाच्या आत रंग उरकायचा म्हणून मागची बाजू गच्चीवरून दोराने टांगलेल्या झुल्यावरून करायचं ठरतंय. सुरक्षेचे पट्टे दिलेत, पण कामगार घालत नाहीत. विचारलं की हसतात. मी रोज खिडकीतून बघते आणि छातीत धडधडतं. यात आमची जबाबदारी खरंच नाही का? असेल तर मी नक्की काय करू? मी शाळेत शिकवायचे, बांधकामातलं मला काही कळत नाही.

एक सेक्रेटरी, ठाणे

उत्तर

ताई,

जबाबदारी आहे. पहिली ठेकेदाराची, पण सोसायटीचीही आहेच, आणि करारातल्या त्या एका ओळीने ती संपत नाही.

ती ओळ तुमच्या आणि ठेकेदाराच्या मधली आहे. पैसे कुणी भरायचे, नंतर कुणी कुणाकडून वसूल करायचे, एवढं तिने ठरतं. परांचीवरच्या माणसाने त्या करारावर सही केलेली नाही आणि पोलीसही तो करार वाचून थांबत नाहीत. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना ती किंवा तिचा एखादा भाग कोसळून माणसांच्या जिवाला धोका होणार नाही एवढी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर कलम १०६ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निष्काळजीपणा कुणाचा, हे चौकशीत ठरतं. त्या वेळी ‘आम्हाला धोका दिसत होता, पण आम्ही त्यात पडलो नाही’ हे वाक्य सोसायटीच्या बाजूने अजिबात उभं राहत नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली जो स्वतंत्र कायदा झाला, त्यात नव्या बांधकामाबरोबर दुरुस्ती आणि देखभालही धरलेली होती. दहा किंवा जास्त कामगार असले की तो लागू व्हायचा. त्याच्या कलम ४५ चा रोख साफ होता: ठेकेदाराने भरपाई दिली नाही तर ती काम करवून घेणाऱ्या मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा आणि १९२३ चा भरपाईचा कायदा, दोन्ही नव्या कामगार संहितांमध्ये गेले आहेत. त्यामुळे आज कोणतं कलम आणि कोणता नियम लागतो, हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून एकदा लेखी घ्या. एका बैठकीची फी सोसायटीला जड नाही.

पण कायद्याच्या आधी मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. मी बरीच वर्षं बांधकामांवर सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं आणि माझं ठाम मत असं झालं आहे की, माणूस परांचीवर चढायच्या कितीतरी आधी त्याची सुरक्षा बहुतेक ठरून गेलेली असते. ती ठरते कोटेशन उघडतात त्या सभेत, कारण किंमत आणि मुदत तिथे पक्की होते. चारांतलं सर्वांत कमी कोटेशन कशामुळे कमी होतं, हे तुमच्या सभेत कुणी विचारलं होतं का? सिमेंटचा भाव सगळ्यांना सारखाच. रंग तुम्हीच ठरवून दिलेल्या कंपनीचा. मग फरक पडतो तो मजुरीत, परांचीच्या बांबूंत आणि फळ्यांत, देखरेख करणाऱ्या माणसाच्या पगारात. त्यातून मूळ ठेकेदार आपला नफा काढून काम पेटी ठेकेदाराला देतो, तो कारागिरांना चौरस फुटाच्या भावाने उक्तं देतो. प्रत्येक पायरीवर थोडे पैसे कमी होतात आणि शेवटच्या पायरीवर जो उभा असतो, त्याच्या वाट्याला एकच फळी येते.

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या सुरक्षेचे वेगळे नियम आहेत. १९९४ साली ते पहिल्यांदा झाले, २०१५ मध्ये नव्याने लिहिले गेले. त्यांत कर्तव्यांची सुरुवात काम करवून घेणाऱ्यापासूनच होते. काम सुरक्षित व्हावं यासाठी पुरेसा वेळ आणि पुरेशी साधनसामग्री देणं हे तिथे त्याचं कर्तव्य मानलं आहे. मला हा क्रम फार योग्य वाटतो. तुम्हाला बांधकामातलं कळत नाही म्हणता, पण पैसे आणि दिवस या दोन्ही गोष्टी तुमच्या समितीच्या हातात आहेत, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

आता त्या कारागिराबद्दल, कारण त्याच्यासाठी वेळ महत्त्वाची आहे. ‘तक्रार नाही’ म्हणून लिहून घेतलेल्या कागदाने त्याचा भरपाईचा हक्क जात नाही. कामगाराने असा हक्क सोडून देण्याचा करार १९२३ च्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरवला होता. एकरकमी तडजोड करायची तर तिचीही सरकारी नोंदणी लागते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने, म्हणजे त्याच्या बाबतीत ठेकेदाराने, द्यायचा असतो. काम बंद असलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मिळायला हवेत. मनगट कायमचं आखडलं तर कमाई किती घटली हे डॉक्टर ठरवतात आणि त्यावर वेगळी भरपाई असते. गिलावा करणाऱ्याचं सगळं कसब मनगटात असतं. थापी फिरली नाही तर तो कारागिराचा बिगारी होतो, रोजची मजुरी निम्म्याच्या आसपास येते. पंधरा हजारांत हे बसतं का, तुम्हीच सांगा.

मुकादमाकडून त्याचा फोन नंबर घ्या. त्याला स्वतः फोन करा, किंवा सोसायटीतल्या चांगलं हिंदी बोलणाऱ्या कुणाला करायला सांगा. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिलं जपून ठेव, दावा करायला दोन वर्षांची मुदत असते, एवढं त्याला कळू द्या. ठेकेदाराकडून कामगार विमा पॉलिसीची प्रत मागवा. बहुतेक सोसायट्या करारात ही पॉलिसी मागतात आणि नंतर कुणी बघत नाही. पॉलिसीवर नाव मूळ ठेकेदाराचं असतं आणि पेटी ठेकेदाराची माणसं तिच्यात नसतातच, हा प्रकार फार वेळा दिसतो. म्हणून पॉलिसीवर कामाचा पत्ता, कामगारांची संख्या आणि मुदत वाचा. हा माणूस वाचला. ३० वर्षांचा कामगार कामावर दगावला असता, तर महिना १५ हजारांच्या पगार-मर्यादेवर १९२३ च्या कायद्याच्या गणिताने भरपाई साडेपंधरा लाखांच्या आसपास येते. पॉलिसी नसली तर हे पैसे छोट्या पेटी ठेकेदाराच्या घरात सापडत नाहीत, आणि शोध तुमच्या सोसायटीच्या दाराशी येतो. अध्यक्षांना नीती पटत नसेल तर हा आकडा पटेल.

कामगार पट्टे घालत नाहीत, याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळीकडे हेच कारण पुढे केलं जातं आणि दोष अलगद मजुराच्या माथी जातो.

तुम्ही एकदा खाली उभं राहून बघा. पट्टा घातला तर त्याचा हूक तो अडकवणार कुठे? बांबूला अडकवला आणि बांबूच सुटला तर पट्ट्यासकट खाली. खिडकीच्या ग्रिलला अडकवला तर ३१ वर्षांच्या गंजक्या ग्रिलवर एका माणसाचा झटका टाकला. शिवाय हूक एकच असेल तर दर दोन हातांवर तो काढायचा, पुढे सरकायचं, परत लावायचा. नेमका सरकताना तो मोकळा असतो, आणि माणूस बहुतेक वेळा सरकतानाच पडतो. त्यात काम उक्तं. हूक लावण्यात गेलेला वेळ म्हणजे त्याच्या स्वतःच्या खिशातले पैसे. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या भिंतीला लागून तो दिवसभर उभा असतो. तुम्ही विचारल्यावर तो हसतो, ते अवघडून हसतो. या सगळ्याला तो काय उत्तर देणार?

म्हणून ‘पट्टा घाला’ एवढं सांगून भागत नाही. गच्चीवर, कॉलमला किंवा बीमला पक्का बांधलेला स्वतंत्र जाड दोर, ज्याला साइटवर लाइफलाइन म्हणतात, तो प्रत्येक माणसासाठी वेगळा खाली सोडायला हवा. परांची कोसळली तरी हा दोर शिल्लक राहतो. तो गच्चीच्या कठड्याला, पाण्याच्या पाइपला किंवा डिशच्या खांबाला बांधलेला असेल तर नसल्यासारखाच. कमरेचा साधा पट्टा नको. पडताना तो पोटात रुततो आणि माणूस त्यातून निसटूही शकतो. छाती, खांदे आणि मांड्या धरणारा फुल बॉडी हार्नेस हवा, आयएस ३५२१ हे मानक लिहिलेला, दोन हुकांचा, म्हणजे एक लावलेला असतानाच दुसरा पुढे नेता येतो. हेल्मेट आयएस २९२५ चं, हनुवटीच्या पट्ट्यासकट. पट्टा नसला तर पडताना हेल्मेट डोक्याच्या आधी निघून जातं. आणि हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली आणावं लागतं. पायांत रक्त साचून तो शुद्ध हरपू शकतो. कोण आणणार, कशाने आणणार, हे आधी ठरलेलं हवं. फायर ब्रिगेड येईपर्यंत वाट बघणं ही योजना नव्हे.

उंचीवरच्या कामाला उक्त्याऐवजी रोजावर पैसे द्या, असा आग्रह धरा. चार पैसे जास्त जातील. पण माझ्या अनुभवात पट्टा वापरला जाण्यात या एका बदलाने जितका फरक पडतो, तितका कुठल्याही सूचनाफलकाने पडत नाही.

परांचीचंही तेच. तुमच्या पार्किंगमधून साध्या डोळ्यांनी बरंच कळतं. माणूस फळ्यांवर उभा आहे की नुसत्या बांबूवर? किमान दोन फळ्या शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना बांधलेल्या हव्यात. बाहेरच्या बाजूला कमरेच्या वर आडवा बांबू हवा, ज्याला अंग टेकलं तर तोल सावरतो. परांची भिंतीत ठोकलेल्या अँकरला बांधली आहे की एसीच्या स्टँडला? खालचे बांबू पक्क्या जागेवर आहेत की गटाराच्या झाकणावर? फोडलेल्या गिलाव्याचा ढीग फळीवर साठवून ठेवतात का? हिरव्या जाळीने फसू नका. ती धूळ आणि खडे अडवते, माणसाला झेलत नाही. पडणाऱ्याला झेलणारी जाळी जाड दोरांची असते, वेगळी बांधावी लागते. येण्याजाण्याच्या दारावर पत्र्याचं छप्पर आहे का, हेही बघा. तुमच्या २८ घरांतली मुलं त्याच दाराने शाळेला जातात.

तुमचे सल्लागार इंजिनिअर साइटवर येत असतीलच. ते काय तपासतात, ते विचारा. अनेक ठिकाणी त्यांचं येणं बिलातली मापं बघण्यापुरतं उरलेलं असतं. परांची दर आठवड्याला आणि प्रत्येक वादळी पावसानंतर तपासून लेखी द्यायची, हे त्यांच्या कामात घाला. वेगळी फी मागतील, द्या. बिल देताना हा कागद जोडलेला असेल तरच चेकवर सही, असा नियम तुम्ही सेक्रेटरी म्हणून करू शकता.

झुल्याला माझा स्पष्ट नकार आहे, निदान या परिस्थितीत. दोराचा झुला सुरक्षितपणे वापरणारे लोक असतात, पण त्यांच्याकडे तपासलेले दोर, वेगळी लाइफलाइन, शिकलेली माणसं आणि गच्चीवर सतत उभा एक माणूस असतो. ज्या ठेकेदाराला परांचीवरचा माणूस सांभाळता आला नाही, तो हे करेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. आणि घाई कशासाठी? ठाण्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. नव्या गिलाव्याला पाणी मारणं, मग त्याचं वाळणं, असे साधारण चार आठवडे तरी रंगाआधी जायला हवेत. ओल्या गिलाव्यावर उरकलेला रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि दिवाळीला तुम्ही परत ठेकेदाराच्या मागे लागता. तेव्हा गिलावा, छज्जे आणि वॉटरप्रूफिंग पावसाआधी नीट पुरं करा, रंग दसऱ्यानंतर ठेवा. परांची तोवर उतरवून घ्या, परत बांधायचा खर्च सोसा. पावसाळाभर भिजलेल्या काथ्याच्या गाठींवर ऑक्टोबरमध्ये माणूस चढवायचा नाही.

१० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यातच, बाळकुमला, चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग करून खाली येणारे कामगार लिफ्टसकट कोसळले आणि सात जण गेले. तुमची इमारत पाचच मजल्यांची आहे, पण दुसऱ्या मजल्यावरून पडूनही माणूस मरतो. तुमच्याकडे मधे पत्रा आला.

तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, तरी विचारते. ही माणसं पाणी कुठलं पितात? संडासला कुठे जातात? रात्री कुठे झोपतात? सोसायटीच्या वॉचमनचा संडास ‘घाण होईल’ म्हणून त्यांना बंद ठेवलेला असतो, हे मी खूप ठिकाणी पाहिलंय. स्त्री मजूर असतील तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि भर उन्हात पाणी न प्यायलेली बाई घमेलं घेऊन परांचीवर चढते तेव्हा तिला चक्कर येणारच. सावलीत एक पिंप, एक संडास, दुपारी बारा ते साडेतीनपर्यंत उन्हाच्या भिंतीवर काम बंद. २८ घरांना हे मुळीच अवघड नाही. झोपायच्या जागेबद्दल कोंढव्याची आठवण ठेवा. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि किमान पंधरा जण, मुलांसकट, झोपेतच गेले. तुमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून कुणी पत्र्याची खोली केली असेल तर ती पावसाआधी हलवा.

गिलावा फोडताना जी पांढरी धूळ उडते, तिच्यातली सिलिका फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. तोंडाला बांधलेला गमछा तिला अडवत नाही. नीट बसणारा धुळीचा मास्क लागतो आणि फोडण्याआधी भिंतीवर पाणी मारावं लागतं. ग्राइंडर, ब्रेकर यांच्या वायरी ओल्यातून जात असतील तर सोसायटीच्या ज्या बोर्डातून वीज दिलीय, त्यावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्या. आणि रहिवाशांना एक सूचना काढा: परांचीवरच्या माणसाला ‘जरा आमचं ग्रिल पुसून दे, दोनशे देते’ असं सांगायचं नाही. तो पैशासाठी फळी सोडून ग्रिलवर लोंबकळतो.

कामगारांची खरी यादी मागवा. नाव, वय, गाव, घरचा फोन. पेटी ठेकेदाराचीही माणसं तिच्यात हवीत, अठराच्या आतला एकही नको. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यात मृत्यू, आजारपण, मुलांचं शिक्षण यांसाठी मदत आहे. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर, कारण ठेकेदार तो देत नाही. तुमच्याकडच्या प्रत्येकाला तो मिळाल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही, असं आताच सांगून ठेवा.

राहिले अध्यक्ष. त्यांच्याशी तोंडी वाद घालू नका. उद्याच समितीला आणि ठेकेदाराला एक पत्र द्या: दोन फळ्या, आडवा बांबू आणि लाइफलाइन लागेपर्यंत पहिल्या मजल्याच्या वरचं बाहेरचं काम थांबवावं, झुला वापरू नये. पोच घ्या. मग तातडीची सभा लावा आणि विषयपत्रिकेवर तीनच गोष्टी ठेवा: रंगाची मुदत दसऱ्यानंतर नेणं, परांची, लाइफलाइन आणि जाळी यांचे पैसे वेगळ्या ओळीत मंजूर करणं, जे जागेवर दिसल्याशिवाय द्यायचे नाहीत, आणि जखमी कारागिराची भरपाई ठेकेदाराच्या पुढच्या बिलातून राखून ठेवणं. प्रत्येक ठरावावर कोण बाजूने, कोण विरोधात, हे नावानिशी इतिवृत्तात लिहा. शाळेत तुम्ही हजेरी घेत होतात, तितक्याच शांतपणे एकेकाचं नाव वाचा.